बिनवायरचं यंत्र

आमच्या आतोबांइतका मनापासून आणि पद्धतशीरपणे भिणारा माणूस उभ्या नव्या मुंबईत दुसरा नव्हता. जुन्या मुंबईतही नसावा, कारण ती त्यांनी सोडली तीच भीतीपोटी. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. गिरगावातल्या चाळीचा जिना एक दिवस आपल्यासकट खाली येणार अशी त्यांची खात्री होती, म्हणून वाशीला नवी वसाहत उभी राहू लागली तेव्हा पहिल्या चार-दोन बिऱ्हाडांत त्यांचं बिऱ्हाड होतं. पुढे आत्याच्या आग्रहाने मीही त्याच इमारतीत, बरोबर त्यांच्या खाली, तळमजल्यावर घर घेतलं. वाशीला आल्यावर आतोबांच्या लक्षात आलं की फोर्टातल्या कचेरीत जायचं तर रोज खाडीपूल ओलांडायला हवा. मग बस पुलावर चढली की ते वाकून दोन्ही बुटांच्या नाड्या सोडायचे आणि मानखुर्द आलं की पुन्हा बांधायचे. "आतोबा, तुम्हाला पोहता कुठे येतं?" मी एकदा विचारलं. "नाही येत," ते गंभीरपणे म्हणाले, "पण बुटांसकट बुडायचं म्हणजे फारच झालं."

पंख्याखाली ते कधी बसत नसत. झोपताना खाट अशी सरकवत की पंखा पडलाच तर पायांवर पडावा. पण सगळ्यांत मोठी भीती विजेची. दिव्याचं बटण ते बोटाने कधीच दाबत नसत, लाटण्याच्या टोकाने दाबत. त्यामुळे आत्या पोळ्या करायला बसली की लाटणं बाहेरच्या खोलीत बटणापाशी सापडायचं. आत्या त्याचा राग करत नसे, ती हसायची. दाराशी मासळी घेऊन येणारी कोळीण एकदा तो प्रकार बघून टोपली तशीच डोक्यावर धरून उभी राहिली आणि आत्याला म्हणाली, "बाय, तुजा घो लाटन्यानं दिवा लावतंय का गं?" आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. ठसक्याचा खोकला झाला, खोकल्याची धाप झाली आणि आतोबा पांढरेफटक पडून पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

कारण आत्याला दमा होता. गिरगावात तो नव्हता, इथे आल्यावर जडला. मागची टेकडी फोडून नवे रस्ते काढायचं काम चाललेलं, समोर इमारतींचे खड्डे, आणि वारा सुटला की घराघरांत धुळीचा थर. "केरसुणी बंद करा, धूळ उडता कामा नये," असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून आतोबा स्वतः ओल्या फडक्याने फरशी पुसू लागले. त्यांच्या बाकीच्या भीत्यांची आम्ही यथेच्छ थट्टा करायचो, पण आत्याच्या छातीत शिट्टी वाजू लागली की बोलता बोलता थांबून कान देणाऱ्या आतोबांची थट्टा करायला माझी कधी जीभ वळली नाही.

अशात टाय लावलेला एक विक्रेता व्हॅक्यूम क्लीनर घेऊन दाराशी आला. आतोबांनी त्याला आधी पाटावर उभं केलं, मग यंत्र चालवायची परवानगी दिली आणि स्वतः जिन्यात जाऊन उभे राहिले. त्या बिचाऱ्याने पाटावरूनच गादीवर नळी फिरवली आणि आतली पिशवी पांढऱ्या कागदावर झटकली. मूठभर राखाडी पीठ पडलं. "सर, हे तुमच्या गादीतून निघालं. रोज श्वासातून आत जातंय." आतोबांनी दारातून त्या ढिगाकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं आणि मग भिंतीतून यंत्रापर्यंत आलेल्या काळ्या वायरीकडे पाहिलं. "हेच बिनवायरचं मिळेल का?" त्यांनी विचारलं. विक्रेत्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय.

पण ते गंमत करत नव्हते. पुढचे दोन महिने वाशीपासून दादरपर्यंत एक दुकान त्यांनी सोडलं नाही. "काका, वायर नसेल तर ते चालणार कशावर?" एका दुकानदाराने विचारलं. आतोबा म्हणाले, "केरसुणी चालतेच की." शेवटी माझ्या मेव्हण्याला दया आली. तो मस्कतला होता. सुट्टीवर येताना त्याने हातात मावेल एवढं, बॅटरीवरचं एक यंत्र आणलं. रात्रभर चार्ज केलं की दहा मिनिटं चालायचं. आतोबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, वायर कुठेच नाही अशी खात्री करून घेतली आणि माझ्या मेव्हण्याला चक्क मिठी मारली.

चार्जिंगला वायर लागते हे संध्याकाळी लक्षात आलं. थोड्या वेळाने आमची बेल वाजली. दारात आतोबा, हातात टॉवेलात गुंडाळलेलं यंत्र. "तुमच्याकडे लावून ठेवता का? तुमचं अर्थिंग चांगलं आहे."

"आतोबा, एकाच इमारतीचं एकच अर्थिंग!" मी म्हणालो.

माझी बायको जास्त स्पष्ट होती. "म्हणजे फुटलं तर आमच्याकडे फुटायचं?"

"तसं नाही गं सूनबाई," ते अजिजीने म्हणाले, "तुम्ही तळमजल्यावर. तुम्हाला पळायला सोपं."

चार वर्षं ते यंत्र रोज संध्याकाळी टॉवेलातून खाली येत होतं आणि सकाळी वर जात होतं. दहा मिनिटांची वाटणी ठरलेली होती. गादीला सहा, पडद्यांना तीन आणि उरलेलं एक मिनिट आत्या बसायची त्या खुर्चीला. पुढे बॅटरी थकली. दहाची पाच मिनिटं झाली, पाचाची दोन. त्याच उन्हाळ्यात टेकडीवर सुरुंगांचं काम वाढलं आणि एका दुपारी आत्याला असा झटका आला की तिचे ओठ निळे पडले. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले. तिची धाप बसेपर्यंत आतोबा तिचा हात धरून होते. मग उठले, बाहेर गेले आणि संध्याकाळी मोठं, गुरगुरणारं, पाच हात काळ्या वायरीचं यंत्र घेऊन आले.

"मी लावतो," मी म्हणालो.

"नको. तुझी पोरं लहान आहेत." त्यांनी आत्याला आमच्या घरी आणून बसवलं. "मी हाक मारेपर्यंत कोणी वर यायचं नाही. कपाटाची किल्ली पिठाच्या डब्याखाली आहे." मग रबरी चपला घालून, पाट काखेत मारून ते जिना चढून गेले. आम्ही छताकडे बघत बसलो. बराच वेळ काहीच नाही. मग एकदम घरघर सुरू झाली. आत्या पदर तोंडाला लावून हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. अर्ध्या तासाने घरघर थांबली आणि वरून हाक आली, "या आता वर!" घामाने निथळलेले आतोबा पाटावरच उभे होते.

तेव्हापासून दर शनिवारी हाच सोहळा. वायरीची भीती तसूभरही कमी झाली नाही. दर शनिवारी किल्लीची जागा सांगून ते तितक्याच गंभीरपणे निरोप घ्यायचे. "अहो, केर काढायला चाललात की लढाईवर?" आत्या विचारायची. पण हाक येईपर्यंत तीही चहाला हात लावत नसे.

आत्या गेली ती दम्याने नव्हे, झोपेतच हृदय थांबून. आतोबांनी भ्यायची म्हणून ठेवलेल्या कारणांत नेमकं तेच नव्हतं.

तेरावा झाल्यावरच्या शनिवारी वरून घरघर ऐकू आली. खाली कोणी निरोप घ्यायला आलं नव्हतं. मी धावत वर गेलो. दार उघडं. आतोबा अनवाणी, फरशी नुकतीच पुसलेली, ओली, आणि तिच्यावरून वायर आडवी पडलेली. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला. ते आत्याच्या खुर्चीवरून नळी फिरवत होते, एखाद्या साध्या, निर्भय माणसाने फिरवावी तशी. इतकी वर्षं मी ज्या भीतीला हसलो ती त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिलो आणि ती दिसेना.

मी बटण बंद केलं. वायर उचलली, फरशी कोरडी केली, चपला आणून त्यांच्या पायाशी ठेवल्या आणि पाट मांडला. "उभे राहा."

"आता कशाला रे?"

"उभे राहा, आतोबा. आणि किल्ली कुठे आहे ते सांगा."

ते चपला घालून हळूच पाटावर चढले. "पिठाच्या डब्याखाली," ते म्हणाले, आणि त्यांनी वायरीकडे बघून पाय जरा मागे घेतले. "तू खाली जा. पोरांपाशी बस."

मी खाली आलो. बायकोने चहा ठेवला होता, तो तसाच राहिला. वरची घरघर सुरू झाली, किती तरी वेळ चालली आणि थांबली. आम्ही दोघं छताकडे बघत होतो.

मग वरून, सवयीनेच, हाक आली, "या आता वर!"

आणि आम्ही गेलो.