रूथच्या होडीकडून आलेली हाक

हे इथे लिहावं की नाही, यावर माझं आणि माझ्या नवऱ्याचं बरेच दिवस चाललंय. तो म्हणतो लिही, मोकळं वाटेल. मला भीती वाटते... एक तर नववी अर्धवट सोडलेली बाई मी, चार ओळींचा ईमेल पाठवायचा तरी तीनदा वाचून बघते. आणि दुसरं म्हणजे, असल्या गोष्टी मला कधी पटल्याच नाहीत. आमच्या गावी खाडीच्या अमुक वळणावर तमुक दिसतं असं सांगणारे पुष्कळ होते. त्याच वळणावरून मी वर्षानुवर्षं होडी वल्हवली. चिखल, डास आणि दारू पिऊन झोकांड्या खाणारे पाहुणे, यापलीकडे मला तिथे कोणी भेटलं नाही. त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर मी रागावणार नाही. मीही हसले असते.

मूळची मी रत्नागिरीकडची. आमच्या खाडीवर पूल नव्हता. माणसं एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यायची जी होडी, तिला आमच्याकडे तर म्हणतात. ती तर माझे वडील, आबा, चालवायचे. पलीकडे कोणी आलं की काठावर उभं राहून हाक द्यायचं — "तर ओऽऽ". आबा जिथे असतील तिथून उत्तर द्यायचे — "आलो ओऽऽ". त्यांची नजर गेली तेव्हा मी शाळा सोडली आणि वल्हं हातात घेतलं. उत्तर फक्त बदललं, "आले ओऽऽ" झालं.

आबांचा यात एकच नियम. एकदा उत्तर दिलं की जायचं. जेवणाचं ताट समोर असो, अंगात ताप असो. कारण उत्तर ऐकलेला माणूस मग दुसरी वाट शोधत नाही. तो तुझ्या भरवशावर थांबतो. "जायचं नसेल तर गप बस गो," म्हणायचे, "पण ओ दिलीस तर तुझी सुटका नाय."

प्रकाशशी लग्न झालं, त्याच्या भावाने आमची कागदपत्रं केली आणि २००१ मध्ये आम्ही इथे आलो, मेरीलँडमध्ये. चेसापीक बे नावाचा मोठा उपसागर आहे, त्याला मिळणाऱ्या एका खाडीच्या काठावरचं छोटं गाव. प्रकाश बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. मला गावातल्या कम्युनिटी कॉलेजात सफाईचं काम मिळालं. त्या कॉलेजचं स्वतःचं बोटहाउस आहे. आठवडाभर तिथे बोटींच्या इंजिनांचे, नकाशे वाचायचे वर्ग चालतात आणि शनिवार-रविवारी गावातल्या कोणालाही, म्हातारे असोत की पोरं, शिडाची होडी चालवायला शिकवतात. हे सगळं बघणारी बाई म्हणजे रूथ. साठी ओलांडलेली, उंच, सदा उन्हाने लाल झालेली.

एके दिवशी धक्क्यावरून एक होडी सुटून वाहत चालली होती. मी हातातला मॉप टाकला, दुसऱ्या होडीत उडी मारली आणि ती वळवून आणली. मग फार घाबरले. नोकरी गेली असंच वाटलं. रूथने फक्त विचारलं, हे कुठे शिकलीस? मी मोडक्या इंग्रजीत तर, खाडी, आबा असं काहीबाही सांगितलं. पुढच्या महिन्यापासून मी बोटहाउसवर. कितवी शिकलीस हे तिने मला आजतागायत विचारलेलं नाही. तिचे उपकार कसे फेडायचे ते मला माहीत नाही.

हळूहळू लाइफ जॅकेटं, होड्या, व्हॉलंटियरांच्या पाळ्या, नावनोंदणी सगळं माझ्याकडे आलं. पाण्यातून कोणी हाक मारली की मी सवयीने "आले ओऽऽ" म्हणायचे. रूथला गंमत वाटायची. तिने अर्थ विचारून घेतला, त्या नियमासकट.

आता त्या शनिवारचं सांगते. एप्रिल महिना, २००७. हर्नडन नावाच्या गावाहून आपली काही मराठी कुटुंबं आमच्या फॅमिली डेला आली होती. सगळी आयटीतली. दहाला येतो म्हणून साडेअकराला आली, बरोबर चिवडा, बटाटेवडे, थर्मासात चहा. त्यांत पुण्याचे मंदार आणि अनघा होते, आणि त्यांची आठ वर्षांची इरा.

"ताई, हे जॅकेट माझ्या पोटावर बसतच नाहीये यार," मंदार म्हणाला.

"जॅकेट बरोबर आहे, पोट कॅन्सल कर," अनघाने लगेच ऐकवलं. मग मला हळूच, "ताई, सेफ आहे ना? आमच्या घरात मुठेपलीकडे कोणी पाणी बघितलेलं नाहीये."

"आई, स्टॉप. इट्स जस्ट अ बोट," इरा म्हणाली.

मी अनघाला सांगितलं, "रूथबरोबर पाठवते तिला. माझी मुलगी असती तरी रूथबरोबरच पाठवली असती."

हे मी बोलले. म्हणून पुढचं सगळं माझ्या अंगावर होतं.

आभाळ स्वच्छ होतं. तीन होड्या बाहेर पडल्या, खाडीच्या तोंडाच्या दिशेने. त्या दिवसांत पाणी अजून बर्फासारखं गार असतं, आणि त्यावर उबदार हवा आली की धुकं धरतं. पण इतक्या झटकन धरलेलं मी पाहिलं नव्हतं. उपसागराकडून वारा आला, त्याच्याबरोबर पांढरी भिंत आली, आणि बघता बघता धक्क्याचं टोकही दिसेना. आम्ही भोंगा सुरू केला. भोंग्याच्या आवाजावर दोन होड्या परतल्या. रूथ आणि इराची आली नाही. वॉकीटॉकीवर हाका मारल्या, नुसती खरखर.

कोस्ट गार्डला कळवलं. निघतो म्हणाले, पण धुक्यात त्यांनाही वेळ लागणार होता. अनघा इराचा गुलाबी स्वेटर दोन्ही हातांनी धरून उभी होती. ती ओरडली असती, मला बोलली असती, तर बरं वाटलं असतं.

प्रकाश शनिवारी मदतीला येतो, तो होता. मोटरची लाँच आम्ही दोघांनी काढायची ठरवली. मंदारला भोंग्यापाशी उभं केलं. "हे बटण दाबत राहायचं. थांबायचं नाही." तो लहान मुलासारखा मान हलवत राहिला.

ओहोटी चालू होती. होडी वाहिली तर बाहेर, उपसागराकडेच वाहणार, म्हणून तिकडे शोधायचं, हे प्रकाशचं म्हणणं. माझंही तेच. मी दोर सोडायला वाकले, आणि ऐकू आलं —

"तर ओऽऽ"

डाव्या हाताने, खाडीच्या वरच्या अंगाकडून, जिथे काठाला लव्हाळं माजलंय. म्हणजे बरोबर उलट्या दिशेने. लांबून, पण स्पष्ट. बाईचा आवाज की पुरुषाचा, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. काठावर उभं राहून कोणीतरी माझ्या गावच्या चालीत हाक देत होतं, शेवटचा ओ थोडा वर उचलून... आणि मी विचारबिचार काही केला नाही. ताठ उभी राहिले, तोंडाशी हात धरले आणि पूर्ण ताकदीने ओरडले, "आले ओऽऽ!"

"कुणाला आले म्हणालीस?" प्रकाशने विचारलं.

"हाक आली ना."

"मला नाही आली."

"वरून आली. लव्हाळ्याच्या बाजूने."

"अगं, ओहोटी आहे. त्या वर कशा जातील?" त्याचं बरोबर होतं. ओहोटीच्या हिशोबाने, अकलेने, सगळ्या बाजूंनी त्याचंच बरोबर होतं. बाहेर जायचं सोडून मी वर गेले आणि त्या दोघी बाहेर असल्या, तर काय होईल हे मला कळत होतं.

"प्रकाश, मी ओ दिलीय," एवढंच म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस माझ्याशी डाळीच्या फोडणीवरूनही वाद घालतो. त्या दिवशी त्याने लाँच वर वळवली.

मधेमधे इंजिन बंद करून कान द्यायचो. मी ओरडायची, "आले ओऽऽ". उत्तर एकदाही आलं नाही. मागे भोंगा बारीक होत गेला. मग लव्हाळ्याच्या थोडं अलीकडे, पाण्यावर पांढरं काहीतरी दिसलं. होडीचा तळ. होडी पालथी झाली होती. रूथ पाण्यात होती, एका हाताने होडी धरलेली, दुसऱ्या हाताने इराला तळावर दाबून ठेवलेलं. रूथचे ओठ निळे पडले होते. आधी इराला घेतलं, मग दोघांनी मिळून रूथला ओढलं. तिची बोटं होडीवरून सोडवावी लागली.

धक्क्यावर पोचलो तेव्हा अँब्युलन्स आली होती. अनघाने इराला छातीशी धरलं आणि तिथेच ओल्या फळ्यांवर बसली. भोंगा वाजतच होता. प्रकाशने जाऊन मंदारचा हात बटणावरून काढला तेव्हा कुठे त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात रूथला भेटायला गेले. तिच्या अंगावर चार ब्लँकेटं, तरी हात गार. तिने सांगितलं ते असं. बाहेर जाताना इराला ऑस्प्रेचं, म्हणजे इथल्या मासेमार घारीचं, घरटं बघायचं होतं, म्हणून तिने होडी वर वळवली. ते कोणी पाहिलं नाही. धुक्याबरोबर आलेल्या वाऱ्याच्या एका झटक्यात होडी पालथी झाली, वॉकीटॉकी बुडाला. सुरुवातीला शिट्टी वाजवली. मग हातात शिट्टी धरवेना, दम राहिला नाही. भोंगा मात्र ऐकू येत होता.

"भोंग्यामुळेच चूक करणार होते मी," ती म्हणाली. "किनारा कुठे आहे ते कळत होतं. आम्ही वर आहोत हे कोणालाच माहीत नाही, कोणी येणार नाही, हेही कळत होतं. होडी सोडायची आणि मुलीला घेऊन पोहत निघायचं ठरवलं. मी बोटं सैल केली होती." तिने ब्लँकेट वर ओढलं. "तेवढ्यात तू ओ दिलीस. मला तुझा नियम माहीत होता ना. मग मी थांबले."

त्या पाण्यात पोहत निघाली असती तर अर्ध्या वाटेपर्यंतही पोचली नसती. हे तिला माहीत होतं, मलाही.

मी विचारलं, "रूथ, त्याच्या आधी तुम्ही दोघींपैकी कोणी हाक मारली होती?"

"हाक? माझ्यात आवाजच नव्हता."

इराला मी फोनवर विचारलं. तिची आई म्हणाली, नीट आठवून सांग मावशीला. इरा म्हणाली, "नो. वी वर व्हेरी क्वाएट. मग तुम्ही आले म्हणालात, आणि रूथ क्राइड अ लिटल."

त्या आठवड्यात गावी फोन केला. आबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं म्हणतील, खाडीच्या देवीने राखलं. पण आबांनी भलतंच विचारलं.

"वारा कुठून होता गो?"

"बाहेरून. धक्क्याकडून त्यांच्याकडे."

"म्हणजे तुझी ओ त्यांच्याकडं गेली, ती बरोबर गेली." मग म्हणाले, "पण त्यांची हाक वाऱ्याच्या उलटी तुझ्याकडं येवची नाय. इतक्या लांबून नायच."

"मग मी काय ऐकलं आबा?"

"मला काय ठावं? मी काय तिथं होतो?" आणि नंतर, आवाज खाली आणून, "पोरगी जेवतेय ना आता? आणि ती तुझी बाई?"

दोघी जेवताहेत म्हटलं. बरं म्हणाले, आणि आईकडे फोन दिला.

प्रकाश म्हणतो, शिट्टीचा शेवटचा तुकडा कानावर आला असेल आणि मनाने त्याची हाक केली. असेल. पण शिट्टीही त्याच वाऱ्याच्या उलटीच आली असती ना? मेच्या एका दुपारी, लख्ख उन्हात, तसाच वारा होता तेव्हा मी त्याला म्हटलं, चल, बघूया. तो लाँच घेऊन लव्हाळ्यापाशी गेला. मी धक्क्याच्या टोकाला उभी. तो मला चांगला दिसत होता. उभा राहिला, तोंडाशी हात धरले, पुन्हा पुन्हा मान मागे टाकून ओरडला. मला पाणी फळ्यांवर आपटल्याचा आवाज आला, बगळा उडाल्याचा आला. त्याचा नाही.

परत आला तो घसा बसलेला. "आलं का ऐकू?"

"नाही. काय ओरडत होतास?"

"तुझं नाव. दुसरं काय ओरडणार?" म्हणाला आणि दोर बांधायला लागला.

रूथ त्या वर्षअखेर निवृत्त झाली. बोटहाउस आता मी चालवते. कॉलेजने पद दिलं तेव्हा रूथने वरिष्ठांना काय सांगितलं ते मला कळलेलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही. ती रोज सकाळी येते, कॉफी घेऊन माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसते, आणि मी केलेल्या पाळ्यांमध्ये चुका काढते. तिच्या बोटांना अजून नीट संवेदना नाही, कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. मी तो अर्धाच भरते, म्हणजे सांडत नाही.

ती हाक कोणाची होती, हे मला आजही सांगता येत नाही. कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. वाऱ्याचा आणि अंतराचा हिशोब आम्ही करून बघितलाय, तो सोडून.