गिट्टीतल्या सात उपाशी केळी

आधी चहा घ्या, आणि हसायचं नाही असं कबूल करा, तरच सांगतो. कबूल? कैलास दूधवाल्यानंही असंच कबूल केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ही गोष्ट आमच्या बुऱ्हाणपूरच्या लालबागच्या प्रत्येक दारात दुधाबरोबर वाटली. तेव्हा म्हटलं, फजिती आपली आहे, तर निदान सांगावी तरी आपणच!

तर मी पेपर मिलच्या पाणी विभागात तीस वर्षं होतो. गढूळ पाणी आत घ्यायचं, साफ करायचं, पुढे सोडायचं. 'पाणीवाले साहेब' म्हणायचे मला. हाताखाली तेरा माणसं. रिटायर झालो, इथं लालबागला घर बांधलं, आणि महिन्याभरात कळलं की या घरात माझं ऐकणारं कुणीच नाही. बायकोला, म्हणजे शोभाला, काही सांगायला जावं तर ती म्हणायची, "अहो, जरा पाय उचला, झाडायचंय."

म्हणून मागच्या अंगणात मी तळं खणलं. फार मोठं नाही, दोन खाटा मावतील एवढं. त्यात अकरा रंगीत मासे सोडले. खरं सांगू? लळा लागला हो त्यांचा! सकाळी दाणे टाकले की अकराच्या अकरा तोंडं वर करून माझ्याकडे बघायचे. मी त्यांना मिलच्या गोष्टी सांगायचो. एकही मासा कधी 'पाय उचला' म्हणाला नाही.

भानगड एकच होती. तळ्याच्या जागेवर आधी शोभाचा धुण्याचा दगड होता. मिलच्या क्वार्टरपासून सोबत आणलेला, रुंद, काळा दगड. घरात वॉशिंग मशीन आहे, तिच्यावर शोभा तुळशीची रोपं ठेवते. कपडे दगडावरच. तो दगड मी कोपऱ्यात सरकवला, आणि शोभानं माझ्याकडे एकदा पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला तेवढं पुरतं.

आणि दोन महिन्यांत तळं हिरवं! नुसतं हिरवं नाही, वाटलेल्या पालकासारखं. मासे दिसेनात. शोभाला हवंच होतं ते.

"तीस वर्षं मिलचं पाणी साफ केलं म्हणता ना? मग घरचं करून दाखवा. पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पोर माहेरी येईल, व्याही येतील. त्यांच्यासमोर मी मासे मोजणार. अकरा भरले तर तळं तुमचं. नाही भरले तर मासे व्याह्यांच्या विहिरीत, तळ्यात माती, आणि मातीवर माझा दगड."

"चष्मा लावून मोजशील ना?"

"चष्म्याशिवाय!"

झालं. पाणीवाल्या साहेबाच्या इज्जतीचा सवाल! मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि मला सापडलं गिट्टीचं फिल्टर. सोपं आहे, ऐका. तळ्याच्या कडेला दुसरा खड्डा. त्यात जाड प्लास्टिक, तळाशी भोकं पाडलेला पाईप, वर हातभर गिट्टी. पंप तळ्याचं पाणी त्या पाईपात ढकलणार, ते गिट्टीतून वर चढणार आणि काठावरून परत तळ्यात पडणार. गिट्टीत झाडं लावायची, पण माती नाही, खत नाही. माशांची घाण पाण्यात विरघळते ना, ती खाऊनच झाडांनी जगायचं. झाडांनी ती खाल्ली की शेवाळाला खायला काही उरत नाही. मी एका पाटीवर खडूनं लिहिलं, 'झाड उपाशी तर पाणी साफ', आणि ती पाटी पंपाच्या वर टांगली. ही पाटी लक्षात ठेवा.

ट्रॉलीभर गिट्टी आली. ती धुवून घालायची असते, नाहीतर धूळ तळ्यात जाते. धुवायला बसलो कुठं? शोभाच्या दगडावर! तीन दिवस धूत होतो. शोभा दारात उभी राहून बघायची.

"उभ्या जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, आणि आता दगडावर बसून दगड धुताय," ती म्हणाली.

तेवढ्यात आले आमचे व्याही. प्रल्हादभाऊ, बहादरपूरचे, केळीवाले. पिढ्यान्‌पिढ्या केळी. बुऱ्हाणपूरकडचा माणूस भेटला की आधी केळीची तब्येत विचारतो, मग माणसाची, हे तुम्हाला माहीत असेलच. प्रल्हादभाऊ तर माणसाची विचारायला विसरतातच.

"याहीबुवा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"फिल्टर. यात खादाड झाड लागतं. घाण खाणारं."

"खादाड?" त्यांचे डोळे चमकले. "मंग केळीपेक्षा खादाड कोन आहे? केळ म्हंजे जावई. वाढा तेवढं कमीच!"

हे म्हणणाऱ्याचा मुलगा माझा जावई आहे, याची मी त्यांना आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी ते सात रोपं घेऊन आले. एकेक रोप दोन्ही हातांनी धरलेलं.

"माती कुठं आहे?"

"माती नाही."

"शेनखत?"

"नाही."

"युरिया, पोट्याश, काहीच नाही?"

"काही नाही. उपाशी ठेवायचं असतं."

प्रल्हादभाऊ खालीच बसले. शोभानं त्यांना पाणी दिलं. पण रोपं आणून वर परत कशी न्यायची, म्हणून त्यांनी सातही रोपं गिट्टीत लावली आणि मागं वळून बघत बघत गेले.

आणि काय सांगू, दीड महिन्यात पाणी निवळलं! सात मासे दिसले. मी शोभाला ओढत बाहेर नेलं. "मोज!" ती म्हणाली, "अजून चार कुठं आहेत?" पण आवाज जरा खाली आला होता. मी त्या दिवशी दोन वेळा दाढी केली.

मग केळींची पानं पिवळी पडायला लागली. पडणारच. उपाशी होत्या. तेच तर पाहिजे होतं! पण हे समजवायचं कुणाला? प्रल्हादभाऊ आले, आणि आजाऱ्याला बघायला यावं तसे डोकं खाली घालून गिट्टीपाशी उभे राहिले.

"याहीबुवा, मी तुमची पोर नेली. तिले काही कमी केलं?"

"छे छे, सोन्यासारखी ठेवलीत."

"मंग मी तुम्हाले सात पोरी दिल्या. त्यायले उपाशी मारून राहिले तुम्ही!"

मी पाटीकडे बोट दाखवलं. त्यांनी पाटीकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ती फोडतात. त्या दिवसापासून ते दर गुरुवारी यायला लागले. पोरीची खुशाली सांगायचे, चहा घ्यायचे आणि हात धुवायला मागच्या अंगणात जायचे. मला वाटायचं, केवढा स्वच्छ माणूस!

मीही रोज सकाळी, चहाच्या आधी, केळींपाशी पाच मिनिटं उभा राहायचो. कशाला, ते मागाहून सांगतो. घाई करू नका.

दिवाळीनंतर चमत्कार झाला. केळी उठल्या! पिवळी पानं गळाली, नवी हिरवीगार आली, हत्तीच्या कानाएवढी. खोडं मांडीएवढी झाली. बघावं तेव्हा नवं पान. आणि तळं? तळं पुन्हा हिरवं! आधी पालक होता, आता तर पालकात पुदिना घातल्यासारखं झालं.

मी चक्रावलो. हे शक्यच नव्हतं. मी आणखी अर्धी ट्रॉली गिट्टी आणली, धुतली, घातली. पंप मोठा केला. पाईप उपसून भोकं वाढवली. जेवढं करावं तेवढं पाणी हिरवं. हे जगातलं एकच फिल्टर असेल ज्यात पाणी बरं जायचं आणि बिघडून बाहेर यायचं! रात्री झोप लागेना. मासे बिचारे त्या रश्श्यात कुठं असतील, या विचारानं मला जेवण जाईना. विहिरीत गेले की ते मला विसरतील, हेही मनात यायचं. हसू नका, कबूल केलंय तुम्ही.

उजाडली आखाजी! आदल्या संध्याकाळी प्रल्हादभाऊ पोरीला घेऊन मुक्कामीच आले होते. घरात पुरणाचा वास. मी पहाटे उठून मागं गेलो, म्हटलं दाणे टाकून मासे वर येतात का बघू. बघतो तर गिट्टीपाशी कैलास दूधवाला, हातात बादली, आणि बादलीतून शेणाचा काला माझ्या फिल्टरमध्ये ओततोय!

"कैलास!!"

बादली त्याच्या हातातून सुटली.

"साहब, केला भूखा था। देखा नहीं गया।"

"कधीपासून चाललंय हे?"

"दिवाली से, साहब। थोड़ा-थोड़ा।"

माझा आवाज ऐकून शोभा लाटणं घेऊन आली, प्रल्हादभाऊ आले, पोर आली. मी ओरडत सुटलो. "विषप्रयोग! माझ्या तळ्यावर! आठ महिन्यांची मेहनत!" कैलास आधी खाली बघत होता, मग त्याला राग आला.

"मैं अकेला थोड़ी हूँ! याही साहब की जेब देखो ना!"

सगळे वळले. प्रल्हादभाऊंच्या सदऱ्याचा खिसा फुगलेला होता. त्यांनी हळूच पुडी काढली.

"पोट्याश," ते म्हणाले. "मूठभर. फक्त गुरवारी."

"आज गुरुवार नाही!"

"आज आखाजी आहे ना. सासरहून आलेल्या पोरीले आज गोड जेवन, अन्‌ माह्या पोरी तेवढ्या उपाशी?"

मी डोक्याला हात लावला. आणि मग शोभा, माझी शोभा, लाटण्याकडे बघत म्हणाली, "मी तर नुसतं तांदळाचं धुवण घालत होते. आणि डाळीचं. आणि कधी दुधाचं भांडं विसळलेलं. उन्हात उभ्या होत्या हो बिचाऱ्या."

इथं माझा तोल गेला. "तू! तू तर मुद्दाम केलंस! दगडासाठी!"

शोभाचे डोळे भरले. बोललो आणि त्याच क्षणी जीभ हासडावीशी वाटली मला.

"मुद्दाम?" ती म्हणाली. "मला जिंकायचंच असतं तर पंपाची पिन नसती काढून ठेवली? लाईट जाऊन आली की तो पंप आपला आपण चालू होत नाही. तुम्ही दुपारी घोरत असता. कोण उठून लावतं तो? तुम्ही माशांशी काय बोलता ते स्वयंपाकघरात ऐकू येतं मला. त्या मोठ्या माशाला तुम्ही माझ्या कागाळ्या सांगता, तेसुद्धा!"

मी खाली बघितलं. पोर हसू दाबत होती.

"आणि इतकंच आहे," शोभानं पदरानं डोळे पुसले, पाटीखालचं पंपाचं झाकण उचललं, आत हात घातला, "तर मग हे काय आहे ते सांगा सगळ्यांना."

तिच्या हातात ॲल्युमिनियमचा डबा होता. माझा, मिलमध्ये जेवणाचा. त्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव, खाली 'पाणी विभाग'. नाकारायची सोयच नाही! प्रल्हादभाऊंनी झाकण उघडलं, चिमूट उचलली, जिभेच्या टोकाला लावली.

"युरिया," ते म्हणाले. आणि माझ्याकडे असं बघितलं की मुलीच्या लग्नातसुद्धा इतक्या प्रेमानं बघितलं नव्हतं. "याहीबुवा, तुम्हीसुद्धा?"

"चमचाभर," मी म्हणालो. "रोज. चहाच्या आधी. पान पिवळं पडलं की मला बघवत नव्हतं हो!"

आता आलं लक्षात, पाच मिनिटं काय करत होतो मी? वर पाटी, खाली डबा!

पण शर्त ती शर्त. शोभा तळ्याच्या काठावर उभी राहिली, चष्म्याशिवाय. मी दाणे टाकले. हिरव्या पाण्यावर तोंडं यायला लागली. प्रल्हादभाऊ माझ्या बाजूनं मोजू लागले, "सात! आठ! नऊ!"

"तो ठिपक्याचाच मासा चौथ्यांदा आलाय," शोभा म्हणाली.

हरलो! माती टाकायची ठरलं. तोच प्रल्हादभाऊ ओरडले, "थांबा!" आणि मधल्या केळीकडे बोट दाखवलं. वरून जांभळं केळफूल नुकतं डोकावत होतं.

"निसवली!" ते केळीपुढे जाऊन उभे राहिले. "आता इले हलवायचं नाही, इचं तळ्याचं पानी तोडायचं नाही. बाळंतपनाले आलेल्या पोरीले घराभाहेर काढता का, शोभाताई? तेही आखाजीच्या दिवशी?"

आखाजीच्या दिवशी हे ऐकल्यावर कुठली बाई माती टाकेल? शोभानं निकाल दिला. घड उतरेपर्यंत तळं राहील. दगड तळ्याशेजारी, नळाखाली बसेल. आणि त्या दगडावर धुणं मी धुवायचं.

"रोज?"

"रोज. गिट्टी धुवायची सवय आहेच की!"

तर सध्या असं चाललंय. पहिला घड उतरायच्या आत दुसरी केळ निसवली, त्यामुळे माती लांबते आहे. बहादरपूरहून लोक गिट्टीतली केळी बघायला येतात आणि हिरवं पाणी बाटलीत भरून नेतात. माशांना मात्र कुणी विचारत नाही. मी दगडावर बसून कपडे बडवतो, शोभा दारातून सांगते, "अहो, कॉलर घासा कॉलर! तीस वर्षांत हेच शिकलात का?"

परवा गुरुवारी प्रल्हादभाऊ आले. मी साबणात कोपरापर्यंत. ते कानाशी येऊन म्हणाले, "याहीबुवा, हे साबनाचं पानी केळीले जाऊ देऊ नका बरं."

मी शपथेवर सांगितलं, थेंबही जात नाही. सगळं गटारात सोडतो. केळींना मी फक्त तो डब्यातला चमचा देतो. नाही, आता दोन देतो. अहो, बाळंतीण आहे ती!