फिर्यादीच जामीन

निरवांगीचे बिरूआबा गेल्याचा निरोप इंदापूरच्या कोर्टातल्या एका कारकुनाने मला फोनवर दिला. "आपले जामीनदार आबा गेले," एवढंच तो म्हणाला. कोर्टात रोज कुणी ना कुणी जामीन राहतो. पण तिथे या नावाने ओळखला जाणारा माणूस एकच होता.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आबांच्या शेजारी राहणाऱ्या सोपानने त्यांची कडब्याची गंजी भरदुपारी पेटवली. फिर्याद आबांनीच दिली. सोपानचं असंबद्ध बोलणं ऐकून मॅजिस्ट्रेटनी त्याची तपासणी करवली. मन थाऱ्यावर नाही, खटला चालवता येणार नाही, असा अहवाल आला. आता दोनच वाटा उरल्या. एक पुण्याच्या मनोरुग्णालयाची. दुसरी म्हणजे कुणीतरी लेखी हमी द्यायची, की याला सांभाळीन, औषधपाणी करीन, तारखेला हजर करीन. सोपानच्या घरी एक थकलेली आई. कोण जामीन राहणार, असं मॅजिस्ट्रेटनी विचारलं, तेव्हा मागच्या बाकावरून आबा उठले.

"तुम्ही तर फिर्यादी."

"व्हय. गंजी माझीच हुती."

"मग?"

"मग दुसऱ्या कुणाला कशाला इच्यारताय, सायेब?"

मी तेव्हा वार्ताहर होतो; बातमीसाठी कोर्टाबाहेर त्यांना कारण विचारलं. आबांचं तरुणपण मेंढरांमागे गेलेलं, शेती नंतरची. ते म्हणाले, "पेटवून पळाला न्हाय. तितंच बसून जाळाकडं बघत ऱ्हायला. मेंढरू असं एकल्यानं बसलं की वळखायचं, काय तरी झालंय." बातमीत हे वाक्य बसलं नाही... चार ओळींची बातमी होती.

बारामतीला पंधरवड्यातून एकदा मनोविकारतज्ज्ञ येत. आबा सोपानला घेऊन एसटीने जात आणि तारखेला डॉक्टरांचं कार्ड कोर्टात दाखवत. चार महिन्यांत सोपान दारं धरू लागला, उसाला पाणी देऊ लागला. आणि आबांनी गोळ्या थांबवल्या. महिन्याभरात सोपान घरातून गेला. तीन दिवसांनी तो शेळगावच्या बाजूला सापडला, अनवाणी, कुणाला ओळखत नव्हता.

तारीख जवळ आली होती. सोपानच्या वकिलांनी आबांना बजावलं, "गोळ्या चुकल्या म्हणा. बंद केल्या म्हणू नका. जामीन गेला तर त्याला पुण्याला नेतील." आबांनी मान डोलावली. कोर्टात मॅजिस्ट्रेटनी कार्ड उलटसुलट पाहिलं. "गोळ्या कशा चुकल्या?"

"चुकल्या न्हाईत. म्या बंद केल्या."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्याच न्हाय. मेंढरू चरायला लागलं की आमी दवा बंद करतो. ह्योबी चरायला लागला हुता."

कोर्टात हसू फुटलं. वकिलांनी डोळे मिटले. मॅजिस्ट्रेट मात्र हसले नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी साध्या मराठीत समजावलं, की हा आजार दबतो, जात नाही; बरं वाटणं हे गोळीचंच काम. आबांनी विचारलं, "म्हंजी बरा दिसला तरी चालूच?" "चालूच. पुन्हा चुकलात तर मी त्याला पुण्याला पाठवीन." खरं बोलणारा जामीनदार बदलायचं कारण दिसत नाही, असंही ते म्हणाले. हजेरी मात्र दर पंधरवड्याला लावली.

पुढे सोपान सावरला, खटला चालला, संपला. हमीची मुदतही सरली. गोळ्या चालू राहिल्या. आता विचारणारं कोर्ट नव्हतं, आणि सोपान गोळीला कंटाळलेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग हे जमतं कसं, असं आबांना दोन-तीनदा विचारून पाहिलं. "घेतो की," एवढंच उत्तर मिळे.

ते कळलं गेल्या आठवड्यात, निरवांगीला आबांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा. जेवणाची वेळ होती, सोपानही तिथेच होता. आबांच्या पत्नी, गोदाकाकी, सांगू लागल्या, "ह्यानं गोळी घेतल्याबिगर त्ये घास घेत नव्हतं. एकदा ह्यो रुसला, तर दीड दिस उपाशी."

"लई हट्टी म्हातारं," सोपान म्हणाला. "मला वाटायचं, उपाशी मरंल आन् पुन्यांदा केस माझ्यावरच."

"आणि आता?" मी विचारलं.

काकींच्या पुढ्यात ताट होतं. भाकरी मोडलेली नव्हती. सोपानने खिशातून गोळी काढली, तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी प्याला. "जेव आता, काकी. घेतली."

"त्वांड उघड," काकी म्हणाल्या.