वहीत नसलेलं वाक्य

तिकडे तुम्ही दोघं विनोदाच्या वर्गाला जाता. स्टेजवर आयत्या वेळी सुचेल ते बोलायला शिकवतात म्हणे. "आजी, आपल्याकडे असं काही आहे का?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. होतं. आपल्याच घरात होतं. मी ते बंद पाडलं.

तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, कुरुंद्याच्या जत्रेत सोंगाड्या व्हायचे. लिहिलेलं काही नसे. सकाळी पारावर, न्हाव्याकडे, हळद शिजवायच्या कढईपाशी बसून गावच्या खबरी गोळा करायच्या आणि दुपारी त्यांवरच लोकांना हसवायचं. मध्येच कोणी ओरडलं तर त्यांना अधिकच चेव येई. "समोरच्याचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाई," एवढाच त्यांचा नियम.

पाच-सहा वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या महोत्सवासाठी कलावंत निवडायला साहेब लोक जत्रेत येणार होते. दिरांनी जन्मभर याचीच वाट पाहिली होती. मला मात्र धास्ती. मी इंग्रजीची शिक्षिका. भाऊजी साहेबांपुढे काही अचकटविचकट बोलले तर माझी मान खाली जाईल. मी त्यांचं सगळं सोंग वहीत उतरवलं, नको ती वाक्यं लाल शाईने खोडली आणि उरलेलं पाठ करायला लावलं.

"वहिनी, शिजवलेल्या हळदीला कोंब फुटतो का?" ते हसून म्हणाले.

"भाऊजी, एकही शब्द इकडचा तिकडे नको."

"बराबर. तुमी शिकलेल्या."

जत्रेच्या दिवशी सोंग पाटलाचं होतं. ते पाठ केलेलं धडाधड म्हणत होते. तेवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी ओरडली, "आरं पाटला, बंडी उलटी घालून काहून फिरून राहिला? बायकोनं हाकललं का?"

बंडी खरंच उलटी होती. मांडव हसला आणि उत्तरासाठी थांबला. एरवी त्या बंडीवर त्यांनी अर्धा तास काढला असता. ते कडेला, मी वही घेऊन उभी होते तिथे आले.

"वहिनी, हे वहीत न्हाई."

मी बोटाने पुढची ओळ दाखवली. त्यांनी ती म्हटली. कोणी हसलं नाही. साहेबांनी चहा मागवला.

त्यानंतर ते जत्रेत उभे राहिले नाहीत. मला कधी दोषही दिला नाही. आता घरात कोणी थट्टा केली, की आधी माझ्याकडे बघतात आणि मग बोलतात. बहुतेकदा बोलतच नाहीत.