वरवंट्याचं बारसं

मुलगी सातव्या महिन्यातच झाली. वजन किलोभरही नव्हतं. रत्नागिरीच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "बाळंतपणाची तारीख होती ना, साधारण तिथपर्यंत मुक्काम इथेच. श्वास न चुकता घेऊ दे, दूध स्वतः ओढू दे, मग घरी." म्हणजे दोन-अडीच महिने. सासूबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "सातव्यातला पोर जगता. कशाक हव्यात एवढे दिवस?"

दर दोन तासांनी मी वाटीत दूध काढायचे, सिस्टर ते नळीने थेंबथेंब द्यायच्या. दुपारी तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवायच्या. तेवढा वेळ तिचा श्वास जरा सुरळीत चालायचा.

तशात गावी बारसं ठरलं, बाराव्या दिवशीच. मुंबईकरांनी रजा काढल्या होत्या, त्या कशा फुकट घालवायच्या! बाळ तर पेटीत, मग पाळण्यात काय घालणार, असं मी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "वरवंटा घालू पाळण्यात. तू मात्र ये. आयशीबिगर बारसा कसा करायचा?"

आणि मी गेले. हाच राग अजून जात नाही. नाही म्हणायला तोंड होतं, उघडलं नाही. राजापूरकडच्या त्या घरात नटून पाळण्यापुढे बसले. एरवी बाळाआधी वरवंटा घालतात, इथे बाळाऐवजीच. त्याला झबलं घातलेलं. लेकीच्या दुप्पट तरी जड होता मेला. बायका पाळणा म्हणत होत्या आणि माझी चोळी दुधाने भिजत होती. दगडापुढे पान्हा! लाज नाही वाटली कुणाला. मलाही नाही.

संध्याकाळी परतले. सिस्टर रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "आज दोनदा श्वास घ्यायला विसरली. तळव्याला टिचकी मारली, तेव्हा घेतला." तुम्ही असतात तरी झालं असतं, असंही म्हणाल्या. असेल. पण मी नव्हते. त्यानंतर तिला घरी सोडेपर्यंत मी रत्नागिरी सोडली नाही. पाचवीच्या पूजेपासून राहिलेले नवस, देवदर्शन, सगळ्यांना एकच उत्तर दिलं: नाही.

अडीच महिन्यांनी लेकीला घेऊन उंबऱ्याशी उभी राहिले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी सांगितलंलं ना? सातव्यातला पोर जगता."

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. एका हाताने लेक धरली, दुसऱ्याने पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि आणून त्यांच्या ओटीत ठेवला.

"आई, आपोआप जगतो तो हा. हिला श्वाससुद्धा शिकवावा लागला."