आईची मशेरी सुटली तेव्हा

आईची मशेरी मी सोडवली. तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला आणि रोह्याच्या दातांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे आजपासून बंद." नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा रोह्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. वडील गेल्यापासून आई हमरापूरला एकटीच राहायची, गणपतींच्या डोळ्यांची आखणी करायची. मी रजा काढून तिच्याकडे गेले आणि मशेरीचा डबा उकिरड्यावर ओतला.

पहिले चार दिवस ती चिडचिड करत होती. तेवढं मी धरूनच चालले होते. पाचव्या दिवशी ती बोलायचीच थांबली. ब्रश हातात घेऊन मूर्तीपुढे बसायची. तासाभराने बघावं तर ब्रश कोरडाच. ताटातला भात तसाच.

"आई, काय होतंय?"

"काय नाय गो."

एका दुपारी मी दुकानातून आले तर ती घरात नव्हती. मागच्या दारी गेले. ती विहिरीच्या कठड्यावर बसली होती, पाय आत सोडून. हाक मारली तर दचकेल, म्हणून मी चपला काढून हळूहळू मागून गेले आणि तिच्या कमरेला मिठी घातली.

"सोड गो. मी काय करनार नव्हते," ती म्हणाली. मग पाय वर घेताना, "पन वाटलं व्हतं."

तशीच तिला रिक्षात घालून पेणच्या डॉक्टरांकडे नेलं. मशेरी सोडवल्याचं मी त्यांना सांगितलं. ती कधी वाढली होती, असं त्यांनी विचारलं. वडील गेल्यावर, मी म्हणाले.

"तंबाखूतलं निकोटिन मेंदूतल्या पेशींवर ठरावीक जागी जाऊन बसतं," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं घेतलं की तशा जागा वाढतात. ते एकदम बंद झालं की मेंदू गडबडतो. त्यातून यांची उदासी बहुतेक जुनीच. मशेरीने ती दाबून धरली असेल."

"असेल म्हणजे?"

"यावर अजून संशोधन चालू आहे. पुरतं कोणालाच ठाऊक नाही."

प्रयोगशाळेत मी रोज बाटल्यांवर नावं लिहायचे; कशात काय मिसळलं की काय होतं, ते तिथे माहीत असायचं. इथे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या. आईला मी रोह्याला माझ्या खोलीवर आणलं. कामावरून घरमालकिणीकडे फोन करायचे, आणि तिकडून कोणी उचलेपर्यंत घंटा मोजायचे. चट्टा तपासणीत साधाच निघाला, तरी मला हायसं वाटलं नाही.

दीड महिन्याने एकदा जेवताना आई म्हणाली, "भाजीत मीठ घातलं नायस." मी आत जाऊन रडले.

पुढे ती हमरापूरला जायचं म्हणू लागली. मी तीन दिवस विषय टाळला. मग तिला घेऊन गेले आणि महिनाभर तिथेच राहिले. मशेरी तिने पुन्हा मागितली नाही. ती शांत झोपायची. मलाच झोप लागत नव्हती.