अत्तरवाल्याचं नाक

दुकान बंद ठेवून पंधरा दिवस झाले होते, आणि युसूफभाईंचा दमा आधीपेक्षा वाढला होता. दुकान बंद करायला मीच सांगितलं होतं.

मी वाशीमला छातीरोगतज्ज्ञ आहे. युसूफभाईंचं रिसोडला अत्तराचं दुकान. आठवड्यातून एकदा ते पेटी घेऊन केनवडच्या बाजारात बसायचे. चाळिशीपर्यंत माणूस ठणठणीत. मग दमा सुरू झाला, तो असा की एका वर्षात तीनदा ऑक्सिजन लावावा लागला. तिसऱ्या वेळी ओठ निळे पडले होते. त्यांच्या बायको, नसीमभाभी, कॉटचा दांडा धरून उभ्या होत्या. "साहेब, वाचतीन ना?" मी "हो" म्हणालो. मला खात्री नव्हती.

जास्त डोसचा पंप रोज नीट घेऊनही दम लागतच राहिला, तर त्याला आम्ही सिव्हिअर अस्थमा म्हणतो. यातला 'नीट' महत्त्वाचा. पुष्कळ पेशंट पंप छातीत ओढण्याऐवजी जिभेवर मारतात. म्हणून युसूफभाईंना समोर बसवून घ्यायला लावला. त्यांनी तो इतका छान घेतला, की पुढे दोन पेशंटना मी त्यांच्याकडूनच शिकवून घेतलं.

पंप बरोबर, डोस बरोबर. दुसरं औषध? "काहीच नाही, साहेब." झटका यायचा तो बहुतेक बाजाराच्या संध्याकाळी. आधी मी धुळीवर संशय घेतला आणि मास्क लावायला सांगितलं. उपयोग शून्य. मग अत्तरावर घेतला.

"अत्तर सोडा."

"मंग इकू काय? तुमचे पंप?"

तरी बिचाऱ्यांनी ऐकलं. आणि आता ते भाभींसोबत माझ्यासमोर बसले होते.

"घरी बसून बसून रोज डोकं दुखून राह्यलं," ते म्हणाले. "अन् दम पयले हप्त्यातून एकदा लागे, आता रोज लागते. तुमचा इलाज लय भारी हाय."

बोलणं तिखट, पण रीत सोडली नाही. खिशातून एक कुपी काढून टेबलावर ठेवली. "मोगरा हाय. एकदम अस्सल. पाहा."

मी मनगटाला लावलं, डोळे मिटले, मान हलवली. "वा! मोगरा म्हणजे मोगरा."

तेवढ्यात आमच्या वानखडे सिस्टर बीपीचं मशीन घेऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या. "सर, केवडा कोणं लावला?"

"मोगरा आहे, सिस्टर."

"मले का मोगरा अन् केवडा समजत नाही का?"

नसीमभाभींनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! मी काल कपाट पुसलं. शिश्या मागंपुढं झाल्या असतीन."

शिश्या मागेपुढे झाल्या तर अत्तरवाल्याला कळू नये? मी विचारलं, "युसूफभाई, तुम्हाला वास येतो का?"

ते उठले, दार लावून आले, आणि हळूच म्हणाले, "पाच साल झाले, येत नाही. बाहेर सांगू नका. धंदा बसंन."

"मग गिऱ्हाइकाला कसं देता?"

"शिश्यांचा नंबर पाठ हाय. डोये मिटतो, मान हालवतो. गिऱ्हाईक भी मान हालवते."

एका गिऱ्हाइकानं आत्ताच हलवली होती. मी विषय बदलला आणि त्यांच्या नाकात टॉर्च मारला. दोन्ही बाजूंना सोललेल्या द्राक्षांसारखे कोंब दिसले. त्यांना पॉलिप म्हणतात. मोठेपणी सुरू झालेला दमा, नाकात पॉलिप आणि गेलेला वास, हे तिन्ही एकत्र दिसलं की डॉक्टरनं एक प्रश्न विचारायचाच असतो. मी तो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

"डोकं दुखलं तर काय घेता?"

"गोळी."

"अहो, मी विचारलं तेव्हा तर काहीच घेत नाही म्हणालात!"

"ते औषध कुठं हाय, साहेब? ते तं किराण्याच्या दुकानात भेटते." त्यांनी खिशातून पाकीट काढून दाखवलं. "बाजारात पेटी उचलून गुडघे दुखते, तवा एक. घरी डोकं दुखलं तं दोन. आताबी घेतली, बाहेर लाईनीत."

"कधी?"

"झाला असंन अर्धा घं..."

घंटा पुरा झालाच नाही. छातीतून शिट्टी वाजायला लागली. सिस्टरांनी पळत ऑक्सिजन आणला. मी वाफेचं मशीन लावलं, शिरेतून इंजेक्शन दिलं. भाभी त्यांची पाठ चोळत होत्या. तासाभरानं श्वास जागेवर आला. मास्क बाजूला करून युसूफभाईंनी पहिला प्रश्न केला, "म्हंजे दुकान उघडू ना?"

काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन आणि तिच्या भावकीतल्या दुखण्याच्या गोळ्या चालत नाहीत. गोळी पोटात गेली की तासा-दोन तासांत श्वासनळ्या आवळतात. अत्तर निर्दोष होतं, केनवडची धूळही. मी दुकान बंद केलं, डोकं दुखायला लागलं, गोळ्या वाढल्या आणि दमा वाढला. साधा हिशोब होता, माझाच चुकला होता.

बंद गोळ्यांची यादी त्यांच्या खिशात ठेवायला दिली. दुखलंच तर कोणती गोळी, किती, तेही लिहून दिलं. पंप चालूच ठेवला, नाकाचा स्प्रे दिला, आणि पॉलिप काढायला अकोल्याला पाठवलं. दमा गेलेला नाही, तो जात नसतो. पण वर्षभरात ऑक्सिजन लागलेला नाही.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी फोन आला. आवाज घाबरलेला.

"साहेब, दुकानाच्या मागं नाली हाय!"

"बरं?"

"मी पाच साल तिच्या काठावर बसून गुलाब इकला! कोणी बोललं काहून नाही?"

महिन्याभरात त्यांनी दुकान हलवलं.

मी आता पेशंटला 'कोणतं औषध चालू आहे' एवढंच विचारून थांबत नाही. 'दुखलं-खुपलं तर काय खाता' हेही विचारतो. उत्तर लांबतं, बाहेर लाईन कुरकुरते, सिस्टर दोनदा आत डोकावून जातात. पण एखाद्याचा धंदा उगाच बंद करण्यापेक्षा ते बरं.